मागच्या सीटवरचा वैमानिक

माझी गाडी त्यांच्या फाटकावर आदळली तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून दाढी करत होते. फाटकाचं एक दार बिजागरीतून निखळून आत पडलं, गाडीचा एक दिवा फुटला आणि कडुनिंबावरचे सगळे कावळे एकदम उठले. मी स्टेअरिंग घट्ट धरून तशीच बसून राहिले. ते उठले. एका गालाला साबण, खांद्यावर टॉवेल. त्यांनी आधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, चारही चाकांना चपलेच्या टोकानं ठोकून पाहिलं, मग माझ्या खिडकीशी वाकून म्हणाले, "उतरणं झकास होतं, डॉक्टर. धावपट्टी तेवढी चुकली."

आणि परत जाऊन उरलेला गाल करायला बसले.

हे माझे घरमालक. संभाजीनगरच्या छावणीत त्यांचं बैठं घर होतं आणि गच्चीवरच्या खोलीत मी भाड्यानं राहायला येऊन जेमतेम महिना झाला होता. हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे लासूर स्टेशनच्या शेतकरी घरातले. बोलण्यात निम्मं लासूर आणि निम्मी फौजेतली हिंदी. मी त्यांना सर म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू.

मी जनावरांची डॉक्टर. वेरूळच्या पलीकडच्या एका गावात, सरकारी दवाखान्यात माझी पहिलीच नेमणूक होती. सकाळी एसटीनं फाट्यापर्यंत जायचं आणि पुढं जे मिळेल त्यावर बसायचं. दुधाचा टेम्पो, ट्रॅक्टर, एकदा तर कडब्याची गाडी, तीही कडब्याच्या वर. कुणाची गाय अडली म्हणून निरोप यायचा आणि मी पोचेपर्यंत वासरू उभं राहून दूध प्यायला लागलेलं असायचं. कधी त्याहून वाईट. परभणीहून अण्णांचा रोज फोन. "आपल्या घरात कुण्या बाईनं गाडी चालवली नाही. बदली मागून इकडं ये, बसून करायचं काम बघू." मी हट्टानं मामेभावाची जुनी गाडी घेतली, क्लास लावून परवाना काढला, आणि उन्हाळ्यापर्यंत जमलं नाही तर निमूट परत येईन, असा अण्णांना शब्दही देऊन बसले. रस्त्यावरचा पहिला पराक्रम हा असा झाला.

त्या संध्याकाळी सरांनी मला खाली बोलावलं. फाटकाबद्दल बोलणी खायची तयारी करून मी गेले. बैठकीत भिंतीला एक पांढरा फळा होता आणि त्यावर गाडी, फाटक, कडुनिंब आणि दाढी करणारा एक माणूस असं सगळं काढून ठेवलेलं. हा त्यांचा पंचनामा. काहीही घडलं की ते त्याचा पंचनामा करत. लग्नाला जाऊन आले की लग्नाचा, पाहुणे येऊन गेले की पाहुण्यांचा.

"फाटकाची चूक काय?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, सर."

"बरोबर. ते आपल्या जागेवर होतं." त्यांनी फाटकापुढं बरोबरची खूण केली. "तुझे हात?"

"घाबरून घट्ट झाले होते."

"तिथं गडबड हाय. भीती डोक्यात ठेवायची, हातात उतरू द्यायची नाय. डोक्यातली भीती कामाची असती. हातातली भीती फाटक पाडती." मग फळा पुसत म्हणाले, "उद्यापासून सकाळी सहाला. मी शिकवतो."

काकू आतून चहा घेऊन आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मला दया दिसली, पण ती माझ्याबद्दल होती की गाडीबद्दल, ते कळलं नाही.

सरांचा सगळा जन्म शिकवण्यात गेला होता. लढाऊ विमानावर ते थोडे दिवस होते, पण कुणाच्या तरी लक्षात आलं की या माणसाच्या शेजारी बसलं की शिकणारा पोरगा शांत होतो, आणि त्यांना जे ट्रेनरवर पाठवलं ते कायमचंच. ट्रेनर म्हणजे शिकायचं जेट विमान. दोन सीटं, दोन दांडे, सगळं दोन-दोन. एकाच्या हातून चुकलं तर दुसऱ्यानं सावरायचं. आधी ते किरण विमानावर होते. त्यात गुरू आणि शिष्य शेजारी-शेजारी बसत. पुढं बीदरला नवं विलायती जेट आलं. त्यात शिष्य पुढं आणि गुरू मागं.

हे सगळं ते जेवताना सांगायचे, आणि सांगताना त्यांचे दोन्ही हात विमानं व्हायचे. उजवं विमान डाव्याच्या मागं लागायचं, वरणाच्या वाटीवरून गिरकी घेऊन लोणच्यापाशी सरळ व्हायचं. काकू पळी घेऊन उभ्या राहत. "आधी ती दोन्ही विमानं उतरवा," म्हणत, "मग भात वाढते."

मी एकदा म्हटलं, "म्हणजे ट्रेनर हे शिकाऊ पोरांचंच विमान."

दोन्ही विमानं हवेतच थांबली. "लोकाला तसंच वाटतंय. पंख्याच्या विमानावर शिकून पोरगं येतं, त्याला वाटतं आपल्याला आलं. मग त्याला जेटमधी बसवायचं. तिथं तो विचार करेस्तोवर विमान पुढल्या तालुक्यात गेलेलं असतंय. ते वेड लावायचं काम ट्रेनरचं. उलटं उडायचं, गिरक्या खायच्या, ढगातून नुसतं पुढच्या तबकड्यांच्या काट्याकडं बघत यायचं, दुसऱ्याच्या पंखाजवळ पंख नेऊन उडायचं. मग रॉकेटं, सरावाचे बॉम्ब. येळ पडली तर हलकीसलकी लढाईबी करतंय. आणि समारंभ आसला की रंगीत धूर सोडून लोकांना नाचून दाखवतंय. घरातल्या थोरल्या सुनेवानी. कामं समदी तिची, फोटोत मात्र धाकटी."

काकू त्यांच्या घरातल्या थोरल्या सून. त्यांनी आमटीची पळी सरांच्या ताटात जरा जोरातच रिकामी केली.

त्यांच्या घरात राहायचं तर एक गोष्ट शिकावीच लागे. विमानात दोघांच्याही हातात दांडा असतो, त्यामुळं आत्ता विमान कोण चालवतंय हे बोलून सांगावं लागतं. एकानं म्हणायचं, "तुझ्याकडं." दुसऱ्यानं म्हणायचं, "माझ्याकडं." तोवर पहिल्यानं सोडायचं नाही. सरांनी हा नियम घरात आणला होता. दुधाचं पातेलं काकूंच्या हातात देताना ते म्हणत, "पातेलं तुझ्याकडं." काकू म्हणत, "पातेलं माझ्याकडं." मग ते सोडत. एकदा कशावरून तरी काकू रुसल्या होत्या आणि काही बोलेनात. सर गरम पातेलं फडक्यात धरून स्वयंपाकघराच्या मधोमध उभे. हाताला चटके बसायला लागले तरी सोडेनात. शेवटी मी जिन्यावरून ओरडले, "पातेलं माझ्याकडं," आणि धावत जाऊन घेतलं. काकू भाजी चिरताना म्हणाल्या, "कशाला घेतलंस गं. आणखी जरा उभं राहू द्यायचं होतं."

शिकवणी सुरू झाली. सरांनी छावणीतल्या एका मिस्त्रीकडून माझ्या गाडीत डाव्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच बसवून घेतले. मिस्त्रीनं काम चोख केलं. पण पुढच्या टप्प्यासाठी हेच मागच्या सीटलाही बसतं का, असं सरांनी विचारलं तेव्हा तो स्पॅनर खाली ठेवून म्हणाला, "साब, पीछे बैठके कौन ब्रेक मारता? मेरेकू ऐसा काम नक्को बोलो."

पहाटे कर्णपुऱ्याच्या मैदानावर जायचो. तिथं फिरायला येणारी माणसं आम्हाला पाहून लगबगीनं बाहेरच्या कडेला सरकत. सर शेजारी बसून कुठल्यातरी जुन्या भजनाची चाल गुणगुणत राहत. मी गिअर चुकवला, गाडी उड्या मारायला लागली, तरी गुणगुणणं चालूच. काकूंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "त्यांच्याकडं शिकणारी पोरं म्हणायची, सर गुणगुणत असले म्हणजे काळजी नाही. गप्प झाले की समजायचं, आता काही खरं नाही."

चूक झाली की ते रागावत नसत. म्हणत, "अजून जिवंत आहोत. पुढं चल."

मला सगळ्यात मोठी धास्ती होती ती भर रस्त्यात गाडी बंद पडण्याची. मागून भोंगे वाजायला लागले की माझे कान तापायचे आणि हातपाय आपोआप काहीतरी भलतंच करायचे. हे मी त्यांना सांगितलं आणि सांगितल्याचा लगेच पश्चात्ताप झाला. गुरुवारी छावणीचा आठवडी बाजार भरतो. त्या दिवशी दुपारी त्यांनी मला थेट बाजाराच्या तोंडाशी न्यायला लावलं. एका बाजूला मेथीच्या जुड्या, एका बाजूला शेळ्या, मधे रस्ता म्हणावा अशी एक फट.

"बंद पाड," सर म्हणाले.

"काय?"

"गाडी. मुद्दाम बंद पाड. आम्ही पोरांना वर नेऊन इमान मुद्दाम गिरकीत घालायचो. भोवऱ्यागत फिरत खाली जायचं आणि मग सोडवायचं. जे आपण मुद्दाम केलंय, त्याची भीती ऱ्हात नाय."

मी क्लच सोडला. गाडी आचका देऊन बंद पडली. मागच्या रिक्षानं भोंगा वाजवला, त्याच्या मागच्या टेम्पोनं, त्याच्या मागच्या कशानं तरी. मी किल्लीला हात घातला.

"घाई करू नगं," म्हणत सर दार उघडून खाली उतरले आणि पेरू घ्यायला गेले.

मी आरशात बघत होते. भोंग्यांचा नुसता कल्लोळ. एक शेळी बॉनेटवर पुढचे पाय ठेवून काचेतून माझ्याकडं बघत होती. रिक्षावाला खिडकीशी आला. "मॅडम, आज इधरिच रहने का हय क्या?"

काय झालं कुणास ठाऊक, मला हसू फुटलं. "सर पेरू घेतायत," मी सांगितलं. त्यानं वळून पाहिलं. सर प्रत्येक पेरूभोवती नजर फिरवून, ठोकून ठोकून निवडत होते. रिक्षावालाही हसायला लागला. मग मी सावकाश किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. सर पिशवी घेऊन आत बसले, एक पेरू रिक्षावाल्याला दिला आणि म्हणाले, "पुन्हा पाड." त्या दिवशी आम्ही तो बाजार कितीदा अडवला, त्याची मोजदाद नाही. संध्याकाळी परतताना माझे कान गार होते.

मग एक दिवस ते मागं जाऊन बसले. पुढची डावी सीट रिकामी, तिथला ब्रेक बिनपायाचा. "आता नवं जेट," म्हणाले. "गुरू मागं." मागच्या सीटवर त्यांच्याजवळ आवाजाशिवाय काही नव्हतं.

आम्ही वेरूळच्या रस्त्याला लागलो. दौलताबादच्या पुढं घाटात एक जुना दगडी दरवाजा आहे. रस्ता त्याच्या पोटातून जातो आणि एका वेळी एकच गाडी निघते. दोन्ही बाजूंनी वाहनं नाक खुपसून बसलेली असतात. मी चढाला लागले, समोरून सहलीची बस, मागं वाळूचा ट्रक, आणि नेमकं तेव्हाच सरांचं गुणगुणणं थांबलं.

काहीतरी भयंकर चुकतंय, मला दिसत नाही आणि त्यांना दिसतंय, एवढंच डोक्यात. पण हात मी हलके ठेवले. बसला जाऊ दिलं, चढावर गाडी धरून ठेवली, मग हळूच, दोन्ही बाजूंच्या दगडांचे पोपडे मोजत दरवाज्यातून बाहेर काढली. पलीकडं मोकळ्या जागेत थांबवली आणि घाम पुसत आरशात पाहिलं. सर मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपले होते.

"झोपलो नव्हतो," ते घरी म्हणाले. "डोळे मिटून ऐकत होतो."

"घोरत होते का?" काकूंनी मला विचारलं. मी हो म्हटलं. काकूंनी साखरेचा डबा उघडला आणि माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. "चाळीस वर्षांत ते दुसऱ्याच्या गाडीत झोपलेले मी पाहिले नाहीत," म्हणाल्या.

दिवाळी नुकतीच झाली होती. रविवारची दुपार. घाटापलीकडं रानात मेंढरांचा वाडा टाकून उतरलेल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा फोन आला. "म्याडम, मेंढरं पडायलीत. कापलेल्या ज्वारीच्या रानात शिरली व्हती. तोंडाला फेस यायलाय." मला तेवढंच पुरे होतं. ज्वारीच्या खुंटांना फुटलेले कोवळे फुटवे जनावरानं खाल्ले की त्याला किराळ लागते. ते विषच असतं आणि तासाभरात कळप आडवा करतं. आधी मेंढरं त्या रानातून बाहेर काढा, पळवू नका, असं मी फोनवर सांगितलं, औषधांची पेटी उचलली आणि जिना उतरले.

सर गाडीपाशीच होते. गाडीभोवतीची त्यांची नेहमीची फेरी मारून झाली होती. त्यांनी मागचं दार उघडलं. मला वाटलं, बसतायत. पण त्यांनी वाकून आपल्या सीटचा रिकामा पट्टा ओढला, खटकन लावला, घट्ट करून पाहिला आणि दार बंद केलं.

"सर, बसा ना. उशीर होतोय."

"एकट्यानं जायचं आसलं की रिकाम्या सीटचा पट्टा बांधून ठेवायचा. लोंबकळून कुठं आडकायला नको." मग ते मागं सरकत फाटकाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गाडी तुझ्याकडं."

मी पेटी आत ठेवून चालवायच्या जागी बसले. मी बोलल्याशिवाय हा माणूस फाटकाच्या मधून हलणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

"गाडी माझ्याकडं," मी म्हटलं.

त्या रस्त्याचं मला फार काही आठवत नाही. दरवाज्यापाशी गर्दी होती. चढावर गाडी एकदा बंद पडली, भोंगे वाजले, मी सुरू केली. रानात पोचले तर मेंढरं इथं तिथं पडलेली, पाय ताठ, श्वास नुसता धापांचा. म्हाताऱ्याची सून एकेकाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी गुडघ्यावर बसून एकेकाच्या शिरेत औषध सोडत गेले. सात-आठ हाती लागली नाहीत. पण बाकीची मान उचलायला लागली, मग उठून बसली, आणि एक मेंढी चार पावलं चालून औषधाच्या पेटीचा पट्टा चघळायला लागली तेव्हा म्हातारा हातातली काठी खाली ठेवून माझ्याजवळ येऊन बसला. "कशात आलात?" त्यानं विचारलं. मी गाडी दाखवली. "डायवर कुठंय?" मी माझ्याकडं बोट दाखवलं. त्यानं गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि सुनेला म्हणाला, "च्या ठेव बाईला. दोन कप."

परतले तेव्हा ऊन उतरलं होतं. सर फाटकाशी उभे होते. मला नंतर काकूंनी सांगितलं की मी गेल्यापासून ते अंगणातल्या त्या रिकाम्या जागेभोवती फेऱ्या मारत होते, जिथं गाडी उभी असते. पहिल्यांदा एकट्यानं उडून आलेल्या पोराला बादलीभर पाण्यानं भिजवतात, अशी म्हणे त्यांची रीत. ते मोरीकडं निघाले. काकू आडव्या आल्या.

"नळ कधी येतो माहितीय ना? बादली नाही मिळायची. तांब्या घ्या."

माझा पहिला सोलो असा तांब्याभर पाण्यात साजरा झाला. रात्री मी अण्णांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दिवा फुटला होता, तो बसवून घेतलास का?" बदलीचं त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी मिस्त्रीला बोलावून डावीकडचे ते जादा ब्रेक आणि क्लच काढून टाकायला लावले.

आठवडाभरानं काकू वाटीत शेंगदाण्याचा लाडू घेऊन वर आल्या, खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला शिकव."

"खाली सर असताना मी, काकू?"

"लग्न झाल्यापासून विचारतेय. म्हणतात, हवाई दलात घरच्या माणसाला शिकवायची मनाई असते."

"असते?"

"कुणाला विचारायला जाऊ? आणि आता निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली, तरी यांची मनाई चालूच."

सर दुपारी झोपत. तेवढ्या वेळात आम्ही कर्णपुऱ्याला जायला लागलो. काकू साडीचा पदर कमरेला घट्ट खोचून बसत. त्यांना भीती नावाची चीजच नव्हती. माझी पंचाईत वेगळीच झाली, त्यांना हळू चालवायला कसं शिकवायचं ते मला माहीत नव्हतं. महिनाभर आमचं गुपित सुरळीत चाललं. मग एका सकाळी गाडीची फेरी मारून सर माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"चालवायची सीट मी दोन खाचा पुढं घेतलीय," म्हणाले. "तिचे पाय नीट पोचत नसतील. तू परतताना मागं सरकवतेस, पण रोज एक खाच पुढंच ऱ्हाती."

त्यांनी बॉनेटवरचं कडुनिंबाचं पान उचलून टाकलं.

"मनाई-बिनाई काय नव्हती, डॉक्टर. दुसऱ्याचं पोरगं चुकलं तर मी शांत बसतो. तिच्या हातून गाडी जरा हालली आसती तर मला शांत बसता आलं नसतं. मग कसला मास्तर मी." आणि नेहमीसारखे पाठ ताठ करून आत निघून गेले. पाठ ते नेहमीच जपून ताठ करत, का ते मला ठाऊक नव्हतं.

प्रजासत्ताक दिनाला लासूरच्या त्यांच्या जुन्या शाळेनं झेंड्यासाठी बोलावलं. निघताना काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या आणि सरळ चालवायच्या जागी बसल्या. मला म्हणाल्या, "तू मागं." सर फेरी मारत होते ते डिकीपाशी थबकले. मग पुढं येऊन डावीकडं बसले. पायाखाली ब्रेक नाही, हातात काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते नुसते प्रवासी होते.

काकूंनी पडेगाव मागं टाकलं, मिटमिटा मागं टाकलं, उसाच्या दोन ट्रॉल्या एका दमात मागं टाकल्या. सर आधी गुणगुणले, मग थांबले, मग त्यांचा उजवा पाय गाडीचा पत्रा दाबायला लागला. शरणापूर फाट्याच्या पुढं ते बारीक आवाजात म्हणाले, "थांबव जरा."

गाडी थांबली. ते दार उघडून बाभळीपर्यंत गेले आणि ओकले. ज्यानं निम्मं आयुष्य आभाळात उलटं लटकून काढलं तो माणूस. काकूंनी पाण्याची बाटली दिली, पाठीवरून हात फिरवला. मला म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हाती बसायची सवय नाही ना."

शाळेत झेंडा झाला, मग सत्कार. संस्थेचे अध्यक्ष जोरात बोलले. शत्रूची कितीतरी विमानं धुळीला मिळवणारे आपल्या मातीचे सुपुत्र, वगैरे. सरांचा चेहरा अजून उतरलेलाच होता. त्यांच्या बरोबरीचा एक पागोटेवाला म्हातारा पुढच्या रांगेतून उठला. "आरं पर नेमकी किती पाडली, ते तर सांग."

"एक," सर म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरांनी घोषणा दिली.

"कुणाचं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आपलंच."

टाळ्या मधेच विरल्या. सर माइकशी आले. मीही हे तेव्हा पहिल्यांदाच ऐकत होते. बीदरला किरणमधून एका पोराला घेऊन ते उडाले आणि चढतानाच इंजिनात घार घुसली. एकच इंजिन, ते बंद. खाली वस्ती होती. त्यांनी नाक वळवून तुरीच्या रानाकडं केलं, पोराला उडी मार म्हणाले. तो म्हणाला, सर, आधी तुम्ही. "तिथं म्या त्याला आयुष्यात पहिल्यांदा शिवी दिली," सर म्हणाले. पोरगा गेला, मग ते गेले, मग विमान रानात गेलं. हवाई छत्रीनं ते तुरीत उतरले तर एक म्हातारी विळा घेऊन उभी. तिनं यांना नीट निरखलं आणि विचारलं, कुणाच्यातला रं तू?

सगळी शाळा हसली.

"उडी मारायची तर सीटखाली स्फोट होतो आणि माणूस बंदुकीच्या गोळीवानी वर जातो. मणके दबत्यात. तवापासून मी इंचभर बुटका हाय. पर पोरगं वाचलं. इमान सरकार दुसरं देतंय. पोरगं दुसरं कुठून आणावं?"

माझ्या शेजारी काकू पुटपुटल्या, "मला तीन दिवसांनी शेजारणीकडून कळलं. हे म्हणाले होते, पाठ जरा आखडलीय."

पागोटेवाला अजून उभाच होता. "म्हंजी तू मास्तरच की रं."

"व्हय. मास्तरच."

"आन् आमी इतके दिस तुला पायलट समजायलो."

तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "तो मुलगा आता कुठंय?"

सरांनी माइक जरा दूर धरला. "तोबी शिकवतोय," म्हणाले. "मागच्या सीटवर बसून."

कार्यक्रम संपल्यावर ते खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन मला बाजूला घेऊन गेले. इकडं तिकडं पाहिलं. "डॉक्टर, जाताना तू चालव. ती लई जोरात हाणती."

मी काकूंकडं गेले. त्या शाळेतल्या बायकांच्या घोळक्यात गाडीला टेकून उभ्या होत्या आणि एक बाई त्यांना विचारत होती, या वयात जमतं का. मी हळूच सरांचा निरोप सांगितला.

काकूंनी किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, काच खाली करून बसा."